दोन पायांची फेथ

कुत्रीच्या पोटी जन्मलेल्या पिलाचे डोळे पहिले दहा-बारा दिवस मिटलेलेच असतात. त्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. आईच्या अंगाची ऊब आणि दुधाचा वास या दोनच खुणा त्याला ठाऊक असतात. पोटावर सरपटत ते ऊब शोधते, आईच्या कुशीत तोंड खुपसते आणि दूध पिऊन झोपी जाते. दोन आठवड्यांच्या सुमारास त्याचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ते डगमगत्या पायांवर उभे राहू पाहते, कोलमडते, पुन्हा उठते. आणि मग थोड्याच दिवसांत भावंडांच्या अंगावर उड्या मारू लागते. हे सारे इतक्या सहजपणे घडते की, उभे राहणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु एका पिलाला ती शिकावी लागली. आणि ती त्याला शिकविता शिकविता एका कुटुंबाच्या धीराची मोठी परीक्षा झाली. त्या पिलाची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ओक्लाहोमा नावाचे एक राज्य आहे. तेथे दूरवर पसरलेली मैदाने आहेत, आणि हिवाळ्यात त्या मैदानांवरून बोचरे वारे वाहतात. अशाच एका हिवाळ्यात, २२ डिसेंबर २००२ रोजी, या राज्यातील एका कुत्रीला पिले झाली. त्यांतले एक पिल्लू इतरांसारखे नव्हते. त्याचे मागचे दोन पाय धडधाकट होते. पण पुढचा एक पाय मुळातच नव्हता आणि दुसरा होता तो वेडावाकडा, अर्धवट वाढलेला. त्या पायावर अंगाचा भार पेलणे शक्यच नव्हते.

प्राण्यांच्या जगातील आईपण मायाळू असते, तसे ते कठोरही असते. दूध थोडे आणि तोंडे पुष्कळ, अशा स्थितीत जे पिल्लू जगणार नाही असे वाटते, त्याला काही वेळा आई दूर लोटते. या पिलाच्या वाट्यालाही तेच आले. आई त्याला जवळ घेईना. उलट तिच्या अंगाखाली ते गुदमरून मरणार, अशी वेळ आली. त्या प्रसंगी एका मुलाची दृष्टी त्याच्यावर पडली. त्याने ते पिल्लू उचलले आणि आपल्या घरी आणले. त्या वेळी ते अवघे तीन आठवड्यांचे होते. ज्या वयात इतर पिले पायांवर उभी राहू लागतात, नेमके तेच त्याचे वय होते!

त्या मुलाच्या आईचे नाव ज्यूड स्ट्रिंगफेलो. त्या इंग्रजी विषयाच्या शिक्षिका होत्या. घरात तीन मुले होती. मुलाच्या हातातील तो मऊ, उबदार जीव पाहून कोणाचेही मन द्रवले असते; परंतु मन द्रवणे वेगळे आणि त्या जीवाचा भार पत्करणे वेगळे. लहान पिलाला वेळोवेळी दूध पाजावे लागते, थंडीपासून जपावे लागते, त्याची घाण स्वच्छ करावी लागते. धडधाकट पिल्लू काही आठवड्यांनी स्वतः हिंडूफिरू लागते. हे पिल्लू कधी काळी हिंडूफिरू शकेल, याची मात्र कोणीच ग्वाही देऊ शकत नव्हते.

पिलाला मरण द्यावे, असाच सल्ला त्या कुटुंबाला मिळाला. हा सल्ला ऐकून आपल्याला राग येईल. परंतु त्यामागे निष्ठुरपणा नव्हता, हे नीट समजून घेतले पाहिजे. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याच्या अंगाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर पडतो. एखाद्या कुत्र्याने मागचा एक पाय गमावला, तरी ते उरलेल्या तीन पायांवर पळते. पुढचा एक पाय गेला, तर जरा अधिक त्रास होतो. पण तेही जमते. पुढचे दोन्ही पाय नसले, तर मात्र अंगाचा पुढचा सगळा भाग जमिनीवर टेकतो. चालू पाहणाऱ्या पिलाची छाती आणि हनुवटी जमिनीवर घासते. कातडी सोलवटते, जखमा होतात, त्या चिघळतात. असे आयुष्य जगविणे ही दया की छळ, असा प्रश्न त्या सल्ल्यामागे होता; आणि तो खोटा नव्हता.

यास्तव त्या घरापुढे दोन वाटा होत्या. पिलाला शांतपणे मरू देणे ही एक वाट. ते कसे का होईना उभे राहू शकते का, हे पाहणे ही दुसरी. पहिली वाट दुःखाची खरी, पण थोड्या वेळात संपणारी होती. दुसऱ्या वाटेचा शेवट दिसत नव्हता. त्या कुटुंबाने दुसरी वाट धरली. त्यांनी पिलाला नाव दिले ‘फेथ’. इंग्रजी भाषेत या शब्दाचा अर्थ श्रद्धा, विश्वास असा होतो. नाव मिळाले आणि घरातील ‘ते पिल्लू’ ‘ती’ झाली.

आता फेथला उभे कसे करावयाचे? पुढचे पाय नसल्यावर उरतात ते मागचे दोन. म्हणजे तिने माणसासारखे उभे राहिले पाहिजे! कुत्र्याचा कणा आडवा असतो. त्याच्या मागच्या पायांची ठेवण पळण्यासाठी आणि उडी मारण्यासाठी असते. सगळे अंग ताठ तोलून धरण्यासाठी नसते. ते तोलायचे, तर कंबर, पाठ आणि मांड्या यांच्या स्नायूंना निराळेच वळण लागावे लागते. आणि हे वळण बोलून किंवा समजावून सांगून लावता येत नाही. माणसाच्या मुलाला ‘ऊठ’ म्हटलेले कळते. पिलाला शब्दांचा अर्थ कळत नाही. त्याला कळते ती भूक, चव, वास आणि आपल्या माणसाचा आवाज.

ज्यूडबाईंनी हेच साधन वापरले. अमेरिकेत भुईमुगाचे दाणे भाजून आणि वाटून केलेला लोण्यासारखा मऊ पदार्थ घरोघरी खातात. त्याला पीनट बटर म्हणतात. कुत्र्यांनाही त्याची चव फार आवडते. चमच्याला थोडेसे पीनट बटर लावून तो चमचा फेथच्या नाकापुढे धरला जाई. वास येताच ती मान वर करी. चमचा थोडा वर जाई, आणि तो चाटण्यासाठी तिलाही अंग वर उचलावे लागे. आज बोटभर, उद्या दोन बोटे, असा हा अभ्यास होता.

कोणतीही अवघड गोष्ट शिकविण्याची ही जुनी आणि खात्रीची रीत आहे. पूर्ण काम एकदम मागावयाचे नाही. त्या कामाचा जो अगदी लहानसा भाग आज जमण्यासारखा आहे, तेवढाच मागावयाचा. तो जमला की लगेच बक्षीस द्यावयाचे. आणि तो अंगवळणी पडल्यावरच पुढचा भाग मागावयाचा. चमचा एकदम हातभर वर धरला असता, तर फेथने एकदोनदा धडपड करून नाद सोडला असता. चमचा कधीच वर नेला नसता, तर ती जमिनीवर पडल्या पडल्याच चाटीत राहिली असती. चमचा किती वर धरावा, हे जाणणे हेच शिक्षकाचे कौशल्य. आणि ज्यूडबाई तर पेशाने शिक्षिकाच होत्या!

या शिकण्यात पडणे आलेच. हात असलेले मूल पडताना हात टेकते. फेथला टेकायला काहीच नव्हते. तोल गेला की ती छातीवर किंवा तोंडावरच पडणार. अशा वेळी शिकविणाऱ्याची खरी कसोटी असते. प्रत्येक पडण्याला हळहळून तिला उचलून मांडीवर घेतले असते, तर ती मांडीवरचीच होऊन राहिली असती. पडली म्हणून रागावले असते, तर तिने भीतीने अंग चोरले असते. म्हणून पुन्हा चमचा, पुन्हा हाक, पुन्हा तेच बोटभर अंतर.

काही महिने असे गेले. आणि फेथ मागच्या दोन पायांवर उभी राहिली. आधी क्षणभर उभे राहणे, मग एक लहानशी उडी, मग दुसरी. पुढे तर ती एकामागून एक पाऊल टाकीत माणसासारखी चालू लागली. जिची हनुवटी जन्मभर जमिनीवर घासणार असे वाटत होते, ती आता मान ताठ करून चालत होती!

परंतु अडचणी संपल्या नव्हत्या. पुढचा तो वेडावाकडा पाय वापरात नसल्याने हळूहळू झिजू लागला. फेथ ७ महिन्यांची झाली, तेव्हा शस्त्रक्रिया करून तो पाय काढून टाकावा लागला. ज्या पिलाला आधीच एक पाय कमी, त्याचा आणखी एक पाय कापावयाचा, हे ऐकून कोणालाही वाईट वाटेल. परंतु निरुपयोगी अवयव राखण्यापेक्षा वेदना दूर करणे अधिक महत्त्वाचे असते. आता फेथला खरोखरच दोनच पाय उरले. पण तोवर त्या दोन पायांवर कसे जगावे, हे तिला ठाऊक झाले होते.

फेथ रस्त्यावरून चालू लागली की माणसे थबकून पाहत. दोन पायांवर चालणारे कुत्रे लोकांनी सर्कशीत पाहिलेले असते; पण तेथे ते चार-दोन पावले टाकते आणि पुन्हा चार पायांवर येते. फेथला मात्र ते येता येत नव्हते. या दोन चालण्यांतील भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. निरोगी कुत्र्याला करमणुकीसाठी दोन पायांवर नाचविणे म्हणजे त्याच्या कण्याला आणि सांध्यांना उगाच शीण देणे होय. फेथचे चालणे ही करमणूक नव्हती. तो तिचा जगण्याचा मार्ग होता.

तिची कीर्ती हळूहळू पसरली. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली. ऑप्रा विन्फ्री यांच्या सुप्रसिद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिचे दर्शन लक्षावधी लोकांना घडले. ज्यूडबाईंनी तिच्यावर पुस्तक लिहिले. परंतु फेथचे सर्वांत मोलाचे काम घडले ते निराळ्याच ठिकाणी.

२००३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेचे इराकमध्ये युद्ध सुरू झाले. रस्त्याकडेला पुरलेल्या स्फोटकांनी अनेक सैनिकांचे हात-पाय गेले. हे तरुण परत आले, त्यांच्या जखमा भरून आल्या. परंतु अवयव गमावलेल्या माणसाची सर्वांत मोठी जखम पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. काल धावणारा तरुण आज दुसऱ्याच्या आधारावाचून खाटेवरून उतरू शकत नाही. आता आपला कोणाला काय उपयोग, असा विचार त्याचे मन पोखरतो. धीर देणाऱ्या माणसांचे शब्द त्याला ऐकवत नाहीत. कारण बोलणाऱ्याचे हात-पाय शाबूत असतात.

अशा जखमी सैनिकांना भेटण्यासाठी ज्यूडबाई फेथला घेऊन जात. फेथच्या अंगात सैनिकी पद्धतीचे छोटेसे जाकीट असे. ती दोन पायांवर चालत येई. ती उपदेश करीत नसे, सहानुभूतीचे शब्द बोलत नसे. पुढचे पाय नाहीत म्हणून तिला लाज नव्हती, की दोन पायांवर चालते म्हणून गर्व नव्हता. तिची चाल पाहणाऱ्याला जे समजायचे ते आपोआप समजे. २००६ साली वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुईस या लष्करी तळावर तिला मानद सार्जंट हे पद देण्यात आले. जिला तिच्या आईने टाकून दिले होते, तिच्या नावामागे आता सैन्यातील हुद्दा लागला!

फेथ जवळजवळ १२ वर्षे जगली. २२ सप्टेंबर २०१४ रोजी तिचा मृत्यू झाला. तिच्या आकारमानाच्या धडधाकट कुत्र्यालाही साधारण एवढेच आयुष्य लाभते.

ही हकीकत ऐकल्यावर असे वाटेल की, प्रेम असले म्हणजे सारे काही जमते. तसे मात्र नाही. फेथचे मागचे पाय सुदृढ होते, तिचे काळीज आणि मेंदू निरोगी होते, ती लहान वयातच शिकू लागली आणि तिला शिकविणारे माणूस चिकाटीचे मिळाले. या साऱ्या गोष्टी जुळून आल्या, म्हणून ती चालली. एखाद्या पिलाच्या वेदना कोणत्याही औषधाने थांबण्यासारख्या नसतील, तर त्याला वेदनारहित मरण देणे हीच दया ठरते. हा निर्णय पशुवैद्यानेच, तपासणी करून आणि विचार करून द्यावयाचा असतो. फेथच्या घरच्यांनी आंधळेपणाने हट्ट धरला नाही. त्यांनी प्रयत्न करून पाहिला, आणि तिची प्रगती पाहून पुढचे पाऊल टाकले.

पिलांमधील उणिवाही नाना प्रकारच्या असतात, आणि प्रत्येकीची निगा निराळी असते. काही पिले जन्मतः बहिरी असतात. अंगावर काळे ठिपके असलेल्या पांढऱ्या डाल्मेशियन जातीत असा बहिरेपणा इतर जातींहून अधिक आढळतो. बहिऱ्या पिलाला हाक ऐकू येत नाही. पण त्याला हाताच्या खुणा शिकविता येतात. तळहात वर केला की बसावयाचे, हात छातीशी नेला की जवळ यावयाचे, अशा खुणा ठरवून दिल्या की ते ऐकणाऱ्या पिलाइतकेच शहाणे होते. फक्त ते झोपलेले असताना एकाएकी अंगावर हात ठेवू नये; ते दचकून चावण्याचा संभव असतो. जवळ जमिनीवर पाय आपटला, तर जमिनीच्या कंपनाने ते हळूच जागे होते.

आंधळ्या पिलाची गोष्ट याच्या उलट. त्याला हात लावण्यापूर्वी बोलावे, म्हणजे कोण आले ते त्याला कळते. घरातील टेबल, खाट, पाण्याचे भांडे यांच्या जागा वारंवार बदलू नयेत. काही दिवसांत ते वासाच्या आणि सवयीच्या बळावर घरभर न अडखळता फिरते. ज्यांचे मागचे पाय लुळे पडले आहेत, त्यांच्यासाठी दोन चाकांची छोटी गाडी मिळते. कमरेखालचा भाग त्या गाडीवर टेकवून ते कुत्रे पुढच्या पायांनी धावते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पिलाची उणीव नाहीशी होत नाही. बहिरे पिल्लू बहिरेच राहते, आंधळे आंधळेच राहते. बदलावे लागते ते त्याच्या भोवतालच्या माणसांना. फेथला पुढचे पाय कधीच फुटले नाहीत. चमचा धरणाऱ्या हाताने मात्र रोज थोडे अधिक वर जायला शिकावे लागले.

ही कथा दूर देशातील असली, तरी असे जीव आपल्याकडेही गल्लोगल्ली दिसतात. वाहनाचा धक्का लागून पाय गमावलेले कुत्रे तीन पायांवर लंगडत जाताना कोणी पाहिले नाही? पावसाळ्यात जिन्याखाली कुडकुडणारी पिले कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत? अशा वेळी मनात येते की, एखादे उचलून घरी न्यावे. ही इच्छा चांगली आहे. पण तिला काही प्रश्नांची जोड दिली पाहिजे.

पहिला प्रश्न, या पिलाला खरोखर कोणी नाही का? पुष्कळदा आई अन्न शोधण्यासाठी थोडी दूर गेलेली असते. थोडा वेळ दुरून पाहावे. आई परत आली, तर तिच्यापासून पिल्लू तोडणे ही दया नव्हे, चोरीच होय. दुसरा प्रश्न, घरातील वडीलधाऱ्यांची संमती आहे का? पिलाला शाळेच्या वेळात कोण सांभाळील, सुटीत गावी गेल्यावर ते कोठे राहील, आजारी पडले तर औषधाचा खर्च कसा भागेल? कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. आज सहावीत असलेला मुलगा महाविद्यालयातून बाहेर पडेल, तोपर्यंत ते त्याच्यावर अवलंबून असेल. एकदा टाकलेल्या पिलाला घरी आणून पुन्हा टाकणे, यासारखा दुसरा विश्वासघात नाही. उणीव असलेल्या पिलाच्या बाबतीत तर हे प्रश्न दुपटीने विचारले पाहिजेत.

तिसरी गोष्ट आरोग्याची. अनोळखी कुत्र्याला किंवा पिलाला उघड्या हाताने कुरवाळू नये. आधी मोठ्या माणसाला सांगावे. घरी आणलेल्या पिलाला पशुवैद्याकडे नेऊन तपासून घ्यावे. तीन महिन्यांच्या सुमारास त्याला रेबीज या भयंकर रोगाची प्रतिबंधक लस टोचवावी लागते. कुत्रे चावले, किंवा त्याचा दात नुसता लागला, तरी ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालयात जावे. हे घरच्यांपासून कधीही लपवू नये. आणखी एक सावधगिरी खाण्याची. फेथला पीनट बटर लाभले. पण ‘झायलिटॉल’ नावाचा गोड पदार्थ ज्यात घातलेला असतो, ते पीनट बटर कुत्र्याला विषासारखे असते. चॉकलेटही त्याला घातक आहे. जे आपल्याला गोड, ते त्यालाही हितकर, असे समजू नये.

घरी पिल्लू आणणे ज्यांना शक्य नाही, त्यांनाही पुष्कळ करता येते. जखमी प्राणी दिसला, तर मोठ्यांच्या मदतीने पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविता येते. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. नृत्यकलेसाठी विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सदस्य असताना मुक्या प्राण्यांच्या बाजूने बोलल्या; त्यांच्या प्रयत्नांनंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशात झाला. पुढे १९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हेही एक कर्तव्य सांगितले आहे. म्हणून कोणी कुत्र्याला दगड मारीत असेल, तर त्याला थांबविणे हा नुसता भाबडेपणा नव्हे. ते नागरिकाचे काम आहे.

ओक्लाहोमातील त्या मुलाने पिल्लू उचलून घरी आणले, तेव्हा पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हते. कीर्ती, दूरचित्रवाणी, सैन्यातील हुद्दा यांतले काहीच त्याच्या मनात असणे शक्य नव्हते. एक जीव मरत होता आणि तो मरू नये, एवढेच त्याला वाटले. ते त्याचे काम क्षणाचे होते, आणि त्यावाचून फेथ वाचली नसती. परंतु ती चालली ती त्यानंतरच्या महिन्यांमुळे. त्या महिन्यांत पाहण्यासारखे काही नव्हते. घरातली जमीन, पीनट बटर लावलेला एक चमचा, पडणारे आणि उठणारे पिल्लू, आणि न कंटाळता चमचा पुन्हा बोटभर वर धरणारा हात, एवढेच त्यांत होते.

अभ्यास

१. फेथला मरण द्यावे, असा सल्ला का मिळाला? तो सल्ला निष्ठुरपणाचा नव्हता, असे पाठात का म्हटले आहे?

२. फेथला उभे राहण्यास कसे शिकविले, ते क्रमाने लिहा.

३. कारणे द्या :
(अ) निरोगी कुत्र्याला करमणुकीसाठी दोन पायांवर नाचवू नये.
(आ) झोपलेल्या बहिऱ्या पिलाच्या अंगावर एकाएकी हात ठेवू नये.
(इ) रस्त्यावरचे पिल्लू उचलण्यापूर्वी थोडा वेळ दुरून पाहावे.

४. ‘बदलावे लागते ते त्याच्या भोवतालच्या माणसांना.’ या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मन द्रवणे, भार पत्करणे, अंगवळणी पडणे, अंग चोरणे.

६. ‘ते पिल्लू’, ‘ती फेथ’ यांप्रमाणे लिंग बदलल्याने क्रियापदात होणारे बदल दाखविणारी पाच वाक्ये लिहा.

७. तुम्हाला एखादी गोष्ट शिकण्यास फार वेळ लागला असेल, तर ती कोणी व कशी शिकविली, याविषयी दहा ओळी लिहा.